मुंबईच्या उकाड्यात पाहुण्यांना वाइन देताना

मे महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या गोरेगावच्या घरी नवऱ्याच्या ऑफिसातली चार माणसं जेवायला येणार होती. त्यांच्यातल्याच एकाने आधी कधीतरी रेड वाइनची बाटली भेट दिली होती आणि ती मी त्या दिवसासाठी जपून ठेवली होती. जपून म्हणजे स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात, शेगडीपासून जेमतेम दोन हातांवर. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यायची असते' हे एक वाक्य मला पाठ होतं, त्यामुळे बाटली फ्रिजमध्ये ठेवायचा विचारही मनात आला नाही. सगळ्यांनी एकेक घोट घेतला, ग्लास टेबलावर ठेवले आणि ते जेवण संपेपर्यंत तसेच राहिले. वाइन कोमट होती. नाकाला स्पिरिटसारखा वास येत होता आणि घशात जळजळत होतं. पुढे कधीतरी तीच वाइन दुसऱ्या घरी नीट गार केलेली प्यायले, तेव्हा ती किती चांगली होती ते कळलं.

त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला. घरी वाइन देण्याबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक युरोपातली घरं आणि तिथलं हवामान धरून लिहिलेलं असतं. त्यातले नियम पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागची कारणं समजून घेतली, तर आपल्या घराला काय लागू पडतं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

'रूम टेंपरेचर' म्हणजे कोणाची रूम?

हा शब्दप्रयोग जुन्या युरोपातला. दगडी भिंतींची घरं, सेंट्रल हीटिंग अजून आलेलं नाही, तळघरातून वर आणलेली बाटली जेवणाच्या खोलीत थोडा वेळ ठेवायची. ती खोली असायची साधारण १५ ते १८ अंशांची. मुंबईत दिवाणखाना रात्री आठ वाजताही २८-३० अंशांवर असतो. म्हणजे इथे 'रूम टेंपरेचर' पाळायचं ठरवलं तर रेड वाइनसुद्धा फ्रिजमध्येच ठेवावी लागते. मुंबईकरांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली, तरी निम्मं काम झालं.

आता यामागचं कारण. वाइनचा वास म्हणजे तिच्यातून हवेत उडणारी द्रव्यं. वाइन गरम झाली की अल्कोहोल भराभर उडतं आणि फळांचे, मसाल्यांचे नाजूक वास त्याखाली दबून जातात. म्हणून कोमट रेड वाइन स्पिरिटसारखी वाटते. उलट फार गार केली तर काहीच उडत नाही, वास मिटून जातो, आणि रेड वाइनचा तुरटपणा जास्त बोचतो. व्हाइट वाइनची मजा तिच्या आंबट ताजेपणात असते. गारव्यात तो ताजेपणा लिंबाच्या सरबतासारखा जाणवतो आणि कोमट झाला की तेच सरबत पाणचट लागावं तसं होतं.

तेव्हा आकडे असे. फसफसणारी स्पार्कलिंग वाइन ६ ते ८ अंशांवर. व्हाइट आणि गुलाबी रोझे ८ ते १२. हलकी रेड १२ ते १४, आणि शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ यांसारखी भरदार रेड १५ ते १८. घरात थर्मामीटर लावून कोणी बसत नाही, त्यामुळे हे घड्याळात मांडू. आपला फ्रिज ४-५ अंशांवर असतो. ३० अंशांवरची बाटली त्यात ठेवली तर रेड वाइनला तास-दीड तास लागतो, व्हाइटला तीन-चार तास. परदेशी सल्ल्यातलं 'रेड वाइन वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा' इथे अपुरं पडतं, कारण त्यांची बाटली २० अंशांपासून गार व्हायला लागते आणि आपली ३० पासून. व्हाइट आणि स्पार्कलिंग सरळ सकाळीच ठेवून द्यावी. व्हाइट ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढली की पुरे, बाकीचं काम आपली हवा करते.

पण पाहुणे येणार त्या दिवशी मराठी घरातला फ्रिज कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. श्रीखंडाचं भांडं, हळद-मीठ लावून ठेवलेली मासळी, निवडलेली कोथिंबीर, वर कोणीतरी आणून ठेवलेला केक. बाटलीला जागाच नसते. मग बादली घ्या. स्टीलची बादली किंवा खोल पातेलं, त्यात बर्फ, बर्फाच्या बरोबरीने पाणी आणि दोन मुठी खडे मीठ. बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे. व्हाइट वाइन वीसेक मिनिटांत गार होते, रेडला आठ-दहा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि हवेतून उष्णता सावकाश जाते. पाणी मात्र बाटलीला सगळीकडून चिकटतं. मिठामुळे ते पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो तो याच कारणाने. फ्रीझरमध्ये बाटली ठेवणं टाळा. घाईत ठेवलेली बाटली पाहुण्यांच्या गडबडीत विसरली जाते, वाइन गोठून फुगते आणि कॉर्क वर येतो, कधी काचही तडकते.

आणखी एक मुंबईची अडचण म्हणजे हवेतला दमटपणा. गार बाटली बाहेर काढली की दोन मिनिटांत तिला घाम सुटतो, हात निसटतो, टेबलावर ओघळ येतात. बाटलीच्या पोटाला सुती नॅपकिन गुंडाळायची पद्धत याचसाठी आहे.

कोणी ग्लासात बर्फ मागितला तर? द्यावा. वाइन पातळ होते हे खरं, पण पाहुणा उकाड्याने हैराण झालेला असताना त्याला नियम सांगणं मला पटत नाही. मी एक करते: बी नसलेली द्राक्षं आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाकून ठेवते. बर्फाऐवजी चार-पाच द्राक्षं ग्लासात टाकली की गारवाही मिळतो आणि वाइनमध्ये पाणी उतरत नाही.

बाटली आणताना

आपल्याकडे 'वाइन शॉप' ही पाटी असते, आत मुख्यतः व्हिस्की, रम आणि बिअर. वाइनच्या बाटल्या कडेच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली किंवा रस्त्याच्या उन्हाकडे तोंड करून महिनोन्महिने उभ्या. उष्णता आणि उजेड हे वाइनचे मोठे शत्रू. म्हणून दर्शनी फळीवरची बाटली उचलू नका. आतल्या खोक्यातली किंवा त्यांच्या फ्रिजमधली मागा. कॉर्क वर आलेला दिसला किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला तर ती बाटली कधीतरी तापलेली आहे असं समजा. विकत घेतल्यावर गाडीच्या डिकीत ठेवून दिवसभर फिरू नका. आणि बेत आखण्याआधी ड्राय डे बघा. २ ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो, मतदानाच्या आधीचे दिवस विसरले जातात.

लेबलवर वर्ष छापलेलं असतं, ते द्राक्षं तोडल्याचं वर्ष. युरोपात द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर धरलेला घड हिवाळ्याच्या थंडीत पिकतो आणि उन्हाळा तापायच्या आत उतरवला जातो. म्हणजे आपल्याकडे नव्या वर्षाची द्राक्षं वर्षाच्या सुरुवातीलाच येतात, त्यामुळे भारतीय व्हाइट वाइन घेताना सर्वांत अलीकडच्या वर्षाची शोधा. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हे फार थोड्या वाइन्सबद्दल खरं आहे. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या एक-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनवलेल्या असतात. कपाटात दहा वर्षं ठेवल्याने त्यांचं मोल वाढत नाही, मुंबईच्या कपाटात तर मुळीच नाही.

महाराष्ट्रात वाइन हे काही कालपरवाचं खूळ नाही, हेही इथे सांगायला हवं. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसणारी वाइन बनवून परदेशात पाठवली. राजीव सामंत यांनी नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ सुरू केलेल्या सुला या कंपनीची वाइन २००० च्या सुमारास बाजारात आली. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं. आज सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या बाजूलाही वाइनची द्राक्षं पिकतात. आणि त्याहून कितीतरी आधीपासून वसई, उत्तन, वांद्रे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या घरांतच, नाताळला घरी केलेली वाइन पाहुण्यांपुढे येते आहे. माझ्या आयुष्यातला पहिला घोट तिथलाच, वसईला मैत्रिणीच्या घरी. तिच्या आजीने इवल्याशा ग्लासात ओतली आणि सोबत कुळकुळं दिली. त्या ग्लासाचा थंड स्पर्श अजून आठवतो.

ग्लास आणि घरातले वास

चवीचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. सर्दी झाली की आमटीला चव लागत नाही, ते याचमुळे. घोट घेतल्यावर वास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि घोट घेण्याआधीही ग्लासाच्या तोंडाशी साठलेला वास आपण घेतो. म्हणून वाइनचा ग्लास पोटाला फुगीर आणि तोंडाला थोडा निमुळता असतो, वास आत साठून राहावा म्हणून. स्टीलच्या पेल्यात किंवा सरळ उभ्या ग्लासात वास निसटून जातो. रेडसाठी मोठे, व्हाइटसाठी छोटे, स्पार्कलिंगसाठी उभट असे वेगवेगळे ग्लास असतात, पण आपल्या दोन खोल्यांच्या घरात इतके संच ठेवायचे कुठे? मध्यम आकाराचे, पातळ कडेचे, दांडीचे सहा ग्लास सगळ्याला चालतात. दांडी दिखाव्यासाठी नसते. हाताचं तापमान ३५ अंशांच्या आसपास, दांडीऐवजी ग्लासाचं फुगीर पोट धरलं की गार केलेली वाइन हातातच तापते.

ग्लासापेक्षा महत्त्वाचं आहे ते ग्लासाला येणारा वास. हे ग्लास वर्षातून चारदा बाहेर येतात, एरवी कपाटात पालथे पडलेले. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील, शेजारी मसाल्याचे डबे असतील किंवा नुसती पावसाळ्याची ओल असेल, तर पालथ्या ग्लासात तोच वास कोंडून राहतो. पाहुणे यायच्या दोन तास आधी ग्लास गरम पाण्याने धुवा. साबण अगदी थोडा लावा आणि भरपूर पाण्याने विसळा. साबणाचा अंश राहिला तर स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे लगेच विरतात. जुन्या, मऊ झालेल्या सुती कापडाने पुसा. नवा टॉवेल तंतू सोडतो.

तशीच घरातली हवा. दिवेलागणीला उदबत्ती लावली असेल, कोणी मोगऱ्याचा गजरा माळला असेल, आत बोंबील तळले जात असतील. हे सगळे वास मला प्रिय आहेत आणि पाहुण्यांसाठी ते बंद करावेत असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त रूम फ्रेशनर मारू नका आणि वाइन ओतायच्या अर्धा तास आधी खिडक्या उघडा.

उघडणं

स्क्रू कॅप असेल तर प्रश्नच नाही, फिरवली की झालं. अशी बाटली स्वस्तातली असते हा समज सोडून द्यावा. ताज्या, लवकर प्यायच्या वाइनला हे झाकण उत्तम, आणि नाशिकच्या बऱ्याच चांगल्या बाटल्यांना तेच असतं.

कॉर्क असेल तर घडीचा कॉर्कस्क्रू घ्या, वेटर खिशात ठेवतात तो. कार्ल व्हिंके या जर्मन माणसाने १८८२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि अजून त्याहून सोयीचं अवजार घरासाठी निघालेलं नाही. बाटलीच्या ओठाखाली फॉइल कापा, तोंड पुसा, मळसूत्राचं टोक कॉर्कच्या मध्यावर टेकवून सरळ आत फिरवा. एखादा वेढा बाहेर राहिला की थांबा, म्हणजे कॉर्कचा भुगा खाली पडणार नाही. मग तरफ ओठावर टेकवून सावकाश वर उचला. कॉर्क तुटून आत पडला तर घाबरायचं काही कारण नाही. वाइन स्वच्छ गाळणीने जगमध्ये गाळून घ्या. चहाची गाळणी चालेल, मात्र तिला चहाचा वास नको.

स्पार्कलिंगची बाटली उघडताना मात्र खरोखर सांभाळायला हवं. तिच्या आत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट. बाटली तापलेली असेल तर त्याहून जास्त. तो कॉर्क डोळ्याला लागून माणसं जखमी झाल्याची उदाहरणं आहेत, आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो कुठे जाईल याचा भरवसा नाही. बाटली चांगली गार करा. पंखा बंद करा. वरची तार सहा अर्ध्या वेढ्यांत सुटते, ती सोडवायला घेतल्या क्षणापासून अंगठा कॉर्कवरून हलवू नका. बाटली तिरकी धरा, माणसांकडे नाही आणि ट्यूबलाइटकडेही नाही. एका हाताने कॉर्क घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली बुडाकडून फिरवा. कॉर्क आपोआप वर ढकलला जातो, तेव्हा त्याला उलट दाबून धरा. 'फट्' ऐवजी हलकासा 'फुस्स' ऐकू आला पाहिजे. मोठ्या आवाजात फेस उडवण्यात गंमत वाटते, पण त्या फेसाबरोबर आपण पैसे दिलेले बुडबुडेच बाहेर जातात.

यजमानाने पहिला घोट स्वतः घ्यायची रीत आहे. आपल्या संस्कारात पाहुण्याच्या आधी स्वतः पिणं खटकतं, मलाही सुरुवातीला खटकायचं. पण आमटी वाढण्याआधी मीठ बघतो, तसंच हे आहे. कॉर्कच्या बाटलीत कधीकधी टीसीए नावाचं एक रसायन उतरतं आणि वाइनला ओलसर कुबट वास येतो. जुलै महिन्यात माळ्यावरून काढलेल्या वर्तमानपत्रांचा जो वास असतो, अगदी तसा. मुंबईकराला तो ओळखायला शिकवावा लागत नाही. त्याने अपाय होत नाही, पण वाइनची चव मेलेली असते. ती बाजूला ठेवा आणि दुसरी उघडा. व्हिनेगरसारखा वास आला तरी तेच.

बाटली नुसती उघडून ठेवली की वाइन 'श्वास घेते' असं म्हणतात. बाटलीच्या मानेएवढ्या जागेतून हवा किती लागणार? तरुण, तुरट रेड वाइन मऊ करायची असेल तर ती काचेच्या जगमध्ये ओता. ओततानाच तिला हवा लागते. आपल्याकडे जग बाहेर ठेवला की वाइन अर्ध्या तासात तापते, म्हणून मी तो गार पाण्याच्या पातेल्यात ठेवते. व्हाइटला याची गरज नाही.

किती ओतायचं आणि आग्रहाचं काय

पाहुण्याचा पेला काठोकाठ भरायचा, ही आपली रीत. वाइनचा ग्लास तिसरा हिस्साच भरतात आणि पाहणाऱ्याला तो कंजूषपणा वाटू शकतो. पण वरची मोकळी जागा वासासाठी असते, आणि मुंबईत त्याला दुसरंही कारण आहे: थोडी ओतली तर ती तापायच्या आत संपते आणि पुढची पुन्हा गार मिळते. घरातल्या मापाने १२५ मिलिलिटर पाणी एकदा ग्लासात ओतून बघा, कुठवर येतं ते डोळ्यांत बसेल. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे सहा ग्लास होतात, जरा सढळ हाताने ओतलं तर पाच. सहा जणांना जेवणभर दोन-दोन ग्लास धरले तर तीन बाटल्यांत भागतं. आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, मग रेड, गोड वाइन शेवटी. हलक्याकडून भारीकडे, एवढंच सूत्र. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करा. ओतून झालं की बाटलीला मनगटातून हलकी गिरकी द्या, शेवटचा थेंब चादरीवर पडत नाही.

आता आग्रह. पंगतीत जिलबीचा आग्रह करणं हे आपल्या प्रेमाचं लक्षण आहे. वाइनचा आग्रह करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. लोकांना वाइन म्हणजे सरबताची मोठी बहीण वाटते. हिशोब करून बघा. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे साडेएकोणीस मिलिलिटर अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असतं, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका स्मॉल पेगमध्ये तेरा मिलिलिटरच्या आसपास. एक ग्लास वाइन दीड पेगाएवढी झाली. 'वाइनच तर आहे' म्हणत तिसरा ग्लास भरताना हे लक्षात असू द्या. 'हृदयाला चांगली असते' असं सांगून तर कोणाला कधीही देऊ नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. वाइन द्यायची ती चवीसाठी आणि सोबतीसाठी.

प्रत्येकाच्या ताटाशेजारी पाण्याचा ग्लास ठेवा आणि तो मात्र आग्रहाने भरत राहा.

न पिणारा पाहुणा आपल्या घरांत असतोच. संकष्टी असेल, औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा नुसतं नको असेल. कारण विचारू नये. माझ्या सासूबाई पीत नाहीत. पहिल्यांदा घरी वाइन आली तेव्हा त्या पाण्याचा स्टीलचा पेला घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या आणि ते दृश्य मला बोचलं. तेव्हापासून आमच्याकडे कोकम सरबत त्याच दांडीच्या ग्लासात, तितकंच गार, त्याच ताटातून येतं. रंगही रोझे वाइनसारखाच दिसतो. आता त्या सगळ्यांच्या बरोबरीने ग्लास उंचावतात.

ताटात काय आहे

आपल्या भाषेत सहा रसांना नावं आहेत: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. वाइनबद्दल बोलायला ही पुरेशी आहेत, उलट 'तुरट' हा शब्द आपल्याकडे आहे हे आपलं भाग्य. रेड वाइनमधलं टॅनिन म्हणजे तोच तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा चहा जास्त उकळल्यावर जिभेला कोरड पडते तो. द्राक्षाच्या साली-बियांतून तो उतरतो आणि लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतो, म्हणून तोंड कोरडं होतं. 'ड्राय' वाइनचा मात्र याच्याशी संबंध नाही. द्राक्षातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी खाऊन टाकली आणि गोडी उरली नाही, की ती ड्राय.

आपल्या जेवणातला खरा प्रश्न तिखटाचा. मिरचीमुळे जीभ भाजल्यासारखी होते, ती जाणीव अल्कोहोलने आणखी चेतते आणि तुरटपणाने वाढते. झणझणीत मटणाबरोबर भारी, तुरट रेड दिली तर तोंडात आगीवर तेल. अशा वेळी थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची, चांगली गार वाइन द्या. नाशिकची गोडसर शेनिन ब्लाँ, रिझलिंग किंवा रोझे. कमी तिखटाचं, खोबऱ्या-मसाल्याचं मटण सुकं असेल तर शिराझ छान जमते, कारण मांसातली चरबी आणि मीठ तुरटपणाला मऊ करतात.

तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो. सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही आंबटसर व्हाइट वाइन नेमकं तेच काम करते. कुरकुरीत बोंबील, कोथिंबीर वडी, बटाट्याची भजी यांच्याबरोबर स्पार्कलिंग देऊन बघाच. बुडबुडे आणि आंबटपणा तेलाचा ओशटपणा धुऊन काढतात. माझ्या मते आपल्या तळणाला याहून चांगली सोबत नाही. अळूवडीत चिंच-गूळ दोन्ही असतात, तिला रोझे. माशाबरोबर रेड वाइन का नको, याचं कारण जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाबरोबर तोंडात हिवसपणा रेंगाळतो. बांगड्यासारख्या तेलकट माशाला म्हणूनच रेड टाळावी.

सोलकढी आली की वाइन थांबवा. कोकमाचा आंबटपणा, नारळ, लसूण, मिरची हे सगळं एकदम आलं की कुठलीही वाइन पाणी लागते, आणि सोलकढीपेक्षा वाइन मोठी आहे असं मला तरी वाटत नाही. गोडाचं एकच गणित आहे. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर ड्राय वाइनचा घोट घेतला तर तोंड वाकडं होईल. उशिरा तोडलेल्या, गोडी साठलेल्या द्राक्षांची लेट हार्व्हेस्ट वाइन मिळाली तर ती छोट्या ग्लासात द्या, नाहीतर गोडाला गोडच राहू द्या.

रात्र सरल्यावर

पाहुणे निघताना गाडी कोण चालवणार आहे, ते दाराशी न विचारता जेवायला बसतानाच ठरवून घ्या. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन ग्लासांनंतर हा आकडा सहज ओलांडला जातो. टॅक्सी बोलवा, शेवटची लोकल सापडेल अशा बेताने जेवण वाढा किंवा सरळ गादी अंथरा.

उरलेली वाइन टेबलावर ठेवून झोपू नका, मुंबईच्या हवेत ती रात्रीत उतरते. रेड असो वा व्हाइट, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवस चांगली राहते, स्पार्कलिंग मात्र दुसऱ्याच दिवशी संपवावी. त्यानंतरही उरली तर लसूण परतून मश्रूम करा आणि त्यात ओता, अल्कोहोलचा उग्रपणा जाईपर्यंत उकळू द्या.

ग्लास रात्री धुवायला घेऊ नका. थकलेल्या हातून दांडी मोडते, माझ्या दोन मोडल्या आहेत. नुसतं पाणी भरून ओट्यावर मागच्या बाजूला सरकवून ठेवा. सकाळी चहा झाल्यावर एकेक करून धुवा, उलटे न ठेवता सुलटे वाळवा, आणि कपाटात ठेवताना डांबराच्या गोळ्या दुसऱ्या खणात हलवा.